उद्याच्या लग्नाची ऑर्डर आज दिवेलागणीला आली तर

नाशिक आणि आसपास लग्नाची फोटोग्राफी करणाऱ्या सगळ्यांसाठी आणि यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे. गेल्या हिवाळ्यात एका मध्यस्थाने माझ्या कामाचे पैसे बुडवले. त्याच लग्नात त्याने मुलीकडच्यांनाही लुबाडलं. आम्हा दोघांची आपसात गाठ पडू द्यायची नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याचा सगळा डाव उभा होता. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून नाव घेत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण लग्नसराई तोंडावर आली आहे आणि हा माणूस अजून मोकळा फिरतो आहे.

मार्गशीर्षातली दाट तिथी होती. पुढे पौष लागला की आपल्याकडे लग्नं थांबतात, त्यामुळे त्या दिवसांत लॉन्स मिळत नाहीत आणि बरा फोटोग्राफर रिकामा सापडत नाही. माझी ऑर्डर मुलाकडे सुतक आल्यामुळे ऐनवेळी पुढे गेली होती. तारीख मोकळी झाल्याचं मी आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकलं आणि दिवेलागणीला फोन आला. "ताई, तुमचं कँडिड बघितलंय. उद्या निफाडजवळ लग्न आहे, गोरज मुहूर्त. हळद शूट झालीय, पण आमच्या फोटोग्राफरचे वडील सिरियस झाले, तो गावी पळाला. मुलीच्या बापाची अब्रू तुमच्या हातात आहे, नाही म्हणू नका."

भाव त्यानेच चढवला. कँडिड म्हणजे नकळत टिपलेले आणि ट्रॅडिशनल म्हणजे उभं करून काढलेले, असे दोन्ही फोटो मिळून ३५ हजार, वर थंडीत पहाटेपासून उभं राहायचं म्हणून आणखी पाच. ५ हजारांचं टोकन फोन चालू असतानाच खात्यावर जमा झालं, बँकेचा मेसेजही आला. हे नीट ध्यानात घ्या. हा माणूस आधी खरे पैसे टाकतो. त्या पाच हजारांच्या जोरावर पुढचे पस्तीस बुडवतो.

मी मुलीच्या वडिलांचा नंबर मागितला. प्रत्येक ऑर्डरला मागते, कारण घरातली वडीलधारी माणसं कोण, मामा कोण, करवली कोण, हे आधी कळलं तर फोटो चुकत नाहीत. त्यावर तो म्हणाला, "त्यांना बीपीचा त्रास आहे, ताई. फोटोग्राफर बदलला म्हटलं तर उगाच धसका घेतील. कुणी विचारलंच तर आमच्याच टीमच्या आहात म्हणा. काय लागलं तर मी आहे ना." ऐकताना यात माणुसकीच वाटते. कुठल्याही भल्या माणसाला लग्नघर घाबरवायचं नसतं, आणि तो नेमकं तेच वापरतो. आज कुणी मला घरच्यांचा नंबर द्यायला नकार दिला तर मी ती ऑर्डर घेत नाही, भाव कितीही असो.

रात्री ओळखीच्या दुकानातून लांबचं टिपणारी ७०-२०० लेन्स आणि दोन लाईट भाड्याने उचलले, मदतीला एक मुलगा घेतला आणि पहाटे निघालो. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. त्यात दोन दिवस आधी अवकाळी शिंतोडे पडून गेले होते आणि मग आभाळ निरभ्र झालं होतं. ओली जमीन, मोकळं आभाळ आणि पडलेला वारा असा योग आला की गोदाकाठी धुकं धरतं. चांदोरीच्या पुढे समोरच्या ट्रॅक्टरचे लाल दिवे अगदी जवळ गेल्यावर दिसत होते. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्रभर जागणारी माणसं बांधावर बसून होती.

अशा हवेत काम करणं काय असतं ते लग्नघरांनाही कळलं पाहिजे, म्हणून थोडं सांगते. गारठ्याने बॅटरीची ताकद उतरते. जादा बॅटऱ्या मी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवल्या होत्या आणि आलटून पालटून घालत होते. अंगणात देवक बसवतानाचे फोटो काढून चुलीच्या वाफेने भरलेल्या घरात शिरलं की थंड काचेवर लगेच दव धरतं. ती पुसायची नसते, पुसली की पुन्हा धरते. बाहेरच कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करायचा, आत नेऊन त्याला घरातली ऊब लागू द्यायची आणि मगच काढायचा. तोवर दुसऱ्या कॅमेऱ्याने भागवायचं. धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला तर तो थेंबांवरूनच परत येतो आणि नवरीऐवजी पांढरा पडदा उमटतो. लाईट बाजूला, लांब धरावा लागतो. मदतनीस मुलगा उघड्या लॉन्सवर तासन् तास लाईटचा दांडा धरून उभा होता, बोटं इतकी बधिर की बटण दाबायला दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा. काम मात्र चांगलं झालं. अंतरपाट दूर होताना नवरीच्या आजीने शालीतून हात काढून अक्षता टाकल्या, तो क्षण मला पूर्ण मिळाला.

आता त्या माणसाकडे येते. दिवसभर तो दोन-तीनदा दिसला, दर वेळी माकडटोपी, मफलर आणि वर मास्क. एवढ्या थंडीत सगळा मांडवच गुंडाळलेला होता, त्यामुळे त्यात काही वावगं वाटावं असं नव्हतं. पुढे पोलिसांनी वर्णन विचारलं तेव्हा मला त्याचे डोळे आणि आवाज एवढंच सांगता आलं. लग्नाच्या व्हिडिओतही त्याचा चेहरा कुठे नाही, कारण कॅमेरा वळला की तो पाठ करायचा.

सप्तपदी आटोपली, जेवणाची पंगत बसली आणि तो घाईघाईने आला. पार्टीला रात्रीच रील टाकायचंय, एडिटर गाडीत लॅपटॉप उघडून बसलाय, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड द्या. मी म्हटलं, आधी हिशेब. त्याने माझ्यासमोर मोबाइल काढला, माझा नंबर टाकला, हिरवी खूण असलेला स्क्रीन दाखवला. ३५ हजार, यशस्वी. माझ्या फोनवर काही आलं नाही. त्या लॉन्सवर दिवसभर नेटवर्क जेमतेम एक कांडी होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात स्टेजवरून पाठवणीसाठी फोटोग्राफरला हाका सुरू झाल्या. त्या दोन मिनिटांत त्याने कार्डं घेतली. त्याच घाईसाठी तो दिवसभर थांबला होता.

ती हिरवी खूण बनावट होती. खऱ्या ॲपसारखी दिसणारी, हवं ते नाव आणि हवा तो आकडा दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीन, स्क्रीनशॉट किंवा "बँकेचा सर्व्हर डाऊन आहे" हे शब्द म्हणजे पैसे मिळणं नव्हे. आपल्या स्वतःच्या खात्यावरची शिल्लक वाढलेली दिसली, तेवढंच खरं. नेटवर्क नसेल तर फाटकापर्यंत चालत जाऊन बघा, पाठवणी तेवढी थांबते. आणि याचाच दुसरा प्रकार म्हणजे ॲडव्हान्स देतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात आणि पिन टाकायला लावतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

त्याला माहीत नसलेली गोष्ट एकच होती. माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांत दोन-दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीवर उतरतो. त्याच्या हाती एकेक गेलं, दुसरं माझ्याकडे राहिलं.

दुसऱ्या दिवशी "चोवीस तासांत क्रेडिट होईल", तिसऱ्या दिवशी "बँकेत तक्रार टाकलीय", आणि मग नंबर बंद. लेन्स-लाईटचं भाडं आणि मुलाची मजुरी मी खिशातून दिली.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी दारात एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उभे. माझ्या मदतनिसाने एका करवलीला माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं होतं, त्यावरून पत्ता काढत आले होते. गृहस्थ आत यायला तयार नव्हते. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "पोरी, पैसे चुकते केलेत आम्ही. आमच्या लेकीचे फोटो का अडवलेस?"

ते मुलीचे वडील होते. त्या माणसाने त्यांच्याकडून लग्नाआधीच ९० हजार घेतले होते, आणि आता सांगत होता की नवीन फोटोग्राफर बाईने डेटा दाबून ठेवलाय, ४० हजार मागते. त्यातले १५ हजार त्याच सकाळी त्यांनी पाठवलेही होते. मी त्यांना घरात घेतलं आणि हार्ड डिस्क लावली. पहिला फोटो उघडला तो आजीच्या अक्षतांचा. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग दोन्ही फोन टेबलावर ठेवून आम्ही मेसेज वाचत बसलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला "चोवीस तासांत क्रेडिट होईल" असं लिहिलं होतं, त्यांना त्याच सुमारास "फोटोग्राफर ऐकत नाही". पहिल्या फोटोग्राफरचाही नंबर त्यांच्याकडे निघाला. त्याचे वडील ठणठणीत होते. मागची बाकी मिळाली नाही म्हणून तो हळदीनंतर उठून गेला होता.

एकटी तक्रार घेऊन गेले असते तर "हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा" असंच ऐकावं लागलं असतं, आणि कायद्याने त्यात तथ्य आहे. नुसते पैसे न देणं म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे दिसावं लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं ४२०, तेच मागतं. तो हेतू मी, मुलीचे वडील आणि पहिला फोटोग्राफर अशा आमच्या तिघांच्या फोनमध्ये मिळून उघडा पडत होता, एकट्याच्या फोनमध्ये नव्हता. म्हणून आम्ही तिघांनी मिळून तक्रार दिली. सोबत फोटोंच्या मूळ फाइल दिल्या, कारण फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते आणि माझ्या कॅमेऱ्यातल्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा सिरियल नंबरही असतो. काम कुणी केलं यावर वाद उरत नाही. सकाळी पाठवलेल्या १५ हजारांसाठी मुलीच्या भावाने त्या संध्याकाळी माझ्या घरूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला होता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा फोन ताबडतोब करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यावर सरकण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता असते.

आमच्या व्यवसायातल्यांना आणखी एक सांगायचं आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि यात सेवाही येते. शिवाय फोटोंचा हक्क कुणाचा हे लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन फोटो काढून घेणारा पहिला मालक ठरतो. पूर्ण रक्कम आल्यावरच डेटा आणि हक्क जाईल, ही एक ओळ व्हॉट्सॲपवर जरी मान्य करून घेतली तरी पुढे उपयोगी पडते.

आणि लग्नघरांनो, मध्यस्थामार्फत काम दिलंत तरी प्रत्यक्ष कॅमेरा धरणाऱ्याचं नाव आणि नंबर आधी मागा. कार्याच्या दिवशी सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोला, चहा विचारा, ठरलेले पैसे त्याला पोचतात का तेही विचारा. सगळी रक्कम आधी देऊन मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे, ती या माणसांच्या पथ्यावर पडते. शेवटचा हप्ता फोटो हाती आल्यावर द्या.

फोटो मी त्या घराला सगळे दिले. त्यांनी माझी पूर्ण फी पुढे केली. ज्यांच्याकडून आधीच लाखभर उकळले गेले त्यांच्याकडून ती घेणं मला पटेना, मी भाडं आणि मुलाची मजुरी तेवढी घेतली. तपास चालू आहे. त्याचं सिमकार्ड भलत्याच्या नावावर निघालं.

तुम्हाला असा ऐनवेळचा फोन आला असेल, जास्त भाव, लगेच टोकन आणि घरच्यांशी बोलायला मनाई, तर मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, कॉलची नोंद जपून ठेवा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी द्या. निफाड, सिन्नर, दिंडोरी, कुठलंही लग्न असो. आमच्यासारखी आणखी दोन घरं पुढे आली तर याच माणसाचा पुढचा नंबर पोलिसांच्या हाती लागू शकतो.