जर्मनीतली पीएच.डी. आणि बाराशे युरोंची बेंच फी

मटेरियल्समध्ये एम.टेक. करून परदेशात पीएच.डी. शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे सव्वा लाखाच्या वर गेले आणि घेणारा अजून नवी गिऱ्हाइकं गाठतोय.

हा माणूस पुण्यात सल्लागार म्हणून बसतो. जर्मनीतल्या प्राध्यापकांशी आपलं 'टाय-अप' आहे, जागा राखून ठेवता येते, असं सांगतो. फाइल उघडायचे २५ हजार, रोख. मग एका प्राध्यापकाच्या नावाने मेल आला, प्रकल्पाचं टिपण आलं आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठरली.

मुलाखतीचं जरा सविस्तर सांगते, कारण खोट तिथेच दिसते. समोरचा कॅमेरा बंद. माझा प्रबंध ७०७५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या एजिंगवर, म्हणजे ठरावीक तापमानाला ठेवून तो कडक करण्यावर. मी सांगितलं, १२० अंशांवर २४ तास ठेवून हार्डनेस मोजला. पलीकडून "एक्सलंट". प्रेसिपिटेट (धातूत तयार होणारे सूक्ष्म कण) कसे ओळखले, टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) केलं की एक्सआरडीवरच (क्ष-किरण चाचणी) भागवलं, हार्डनेस किती लोडवर घेतला, काही म्हणजे काही विचारलं नाही. आमच्या व्हायव्हाला बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा याहून जास्त सोलतात. ज्याला तुम्हाला काही वर्षं पगार द्यायचाय, तो तुमच्या एकेका ग्राफवर अडणार. टिपणही तसंच: पहिल्या परिच्छेदात निकेल सुपरअलॉय, तिसऱ्यात पेरोव्स्काइट सोलर सेल, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन विषय. दोन जाहिराती कापून चिकटवलेल्या.

तरी निवडपत्र आलं आणि त्यासोबत १,२०० युरोंची बेंच फी, भरायची मात्र इथल्याच कुणाच्या तरी बचत खात्यात. बेंच फी ही चीज अस्तित्वात आहे, म्हणून थाप पचते. ब्रिटनमधली काही विद्यापीठं स्वखर्चाने संशोधन करणाऱ्यांकडून प्रयोगशाळेच्या खर्चापोटी ती घेतात. जर्मनीत इंजिनिअरिंगची पीएच.डी. ही बहुतेकदा नोकरीच असते: रीतसर करार आणि टीव्ही-एल १३ या वेतनश्रेणीत पूर्ण किंवा अर्ध्या-पाऊण वेळेचा पगार. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांवरही नेमणूक पगारी. या जागा युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या पोर्टलवर, डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर, मॅक्स प्लांक संस्थांच्या पानांवर उघड लागतात. पुण्यात बसून कुणी त्या राखून ठेवू शकत नाही.

बिंग फुटलं ते विद्यापीठाच्या अधिकृत पानावरचा पत्ता घेऊन प्राध्यापकांना थेट लिहिल्यावर. मला आलेल्या मेलच्या डोमेनमध्ये विद्यापीठाच्या नावापुढे एक जादा शब्द जोडलेला होता. प्राध्यापकांचं उत्तर दोन ओळींचं: अशी जागा नाही, सही माझी नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली. बेंच फीतली थोडी रक्कम त्या खात्यात गोठवली गेली. बाकीची तोवर पुढे सरकली होती. रोख २५ हजारांची गोष्ट वेगळी. त्याच्या पावतीवर 'समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही' असं छापलंय, आणि पोलीस ठाण्यात ती बघून "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" म्हणाले. मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. पुण्यात अशी पावती आणखी कुणाकडे असेल तर निवडपत्राच्या प्रतीसह आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. एकट्या माझ्या अर्जावर ते हा व्यवहारच म्हणत राहतील.