तोम खा काय: आठ महिने घरी केल्यानंतर

बँकॉकला एका साध्या खाणावळीत हे नारळाच्या दुधातलं चिकन सूप पहिल्यांदा खाल्लं आणि परत आल्यावर घरी करायचंच ठरवलं. त्याला आता आठ महिने झाले. या काळात पंचवीसेक वेळा तरी केलं असेल, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. थाई भाषेत तोम म्हणजे उकळणं, खा म्हणजे कोळिंजन आणि काय म्हणजे कोंबडी. कोळिंजन नावातच आहे, ते वगळून चालत नाही. सुरुवातीला दोनदा मी आलं घातलं. सूप वाईट झालं नव्हतं, पण लागत होतं आल्याचंच. मग काष्ठौषधीच्या दुकानातून, गाणारे लोक घशासाठी चघळतात ते वाळकं कोळिंजन आणलं, तर सूपला काढ्याचा वास आला. ताजं कोळिंजनच हवं. विदेशी भाज्या ठेवणाऱ्याकडे मिळतं, महाग असतं आणि चिवटही इतकं की सुरीला धार नसेल तर हात दुखतात. मी एकदम अर्धा किलो आणून पातळ चकत्या करते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. चकती हातात मोडली की देवदारासारखा, किंचित लिंबासारखा जो वास येतो, तो आल्यात नाही.

गवती चहा आपल्या ओळखीचा, पण आपण चहात पाती टाकतो आणि इथे लागतो तो बुडाचा पांढरट दांडा, ठेचून. बाजारातल्या जुडीत बहुतेक वेळा नुसती पातीच असते, म्हणून कुंडीतलाच बुंध्यापासून उपटते. मकरूत लिंबाचं (काफिर लाइम) रोपही कुंडीत लावलंय, सूपमध्ये त्याची पानं लागतात. त्याची पानं एकापुढे एक जोडल्यासारखी दुहेरी असतात. मधली शीर काढून पान फाडून सूपमध्ये घालायचं.

माझं प्रमाण: ४०० मिली नारळाचं दूध, दीड कप पाणी, कोंबडीच्या मांडीचं ३०० ग्रॅम बोनलेस मांस, कोळिंजनाच्या दहा-बारा चकत्या, गवती चहाचे तीन दांडे, मकरूत लिंबाची पाच-सहा पानं, मूठभर धिंगरी अळंबी, ठेचलेल्या चार लवंगी मिरच्या. मिठाऐवजी दोन मोठे चमचे नाम प्ला, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला रस. बाटली उघडताना वास उग्र येतो, सूपमध्ये तो राहत नाही. गोडीला चमचाभर गोव्याचा माडाचा गूळ घालते. थायलंडमध्येही ताडा-माडाचीच साखर वापरतात, त्यामुळे तो छान मिसळून जातो.

दुधाबद्दल मात्र बरंच लिहावं लागेल. आम्ही कोकणातले, त्यामुळे डब्यातलं दूध मला पटत नव्हतं. पहिल्यांदा ताजा नारळ वाटून जाड रस खळखळून उकळला, वर लिंबूही तेव्हाच पिळलं. पाच मिनिटांत दूध फाटलं, पांढरे कण खाली आणि तेल वर. सोलकढी आपण उकळत नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आता पातळ रसात मसाले आणि चिकन शिजवते, जाड रस शेवटी घालून मंद आचेवर फक्त गरम होऊ देते, आणि गॅस बंद केल्यावर दोन लिंबांचा रस. डब्यातलं दूध सहसा फाटत नाही, घाईच्या दिवशी तेही चालतं. पण ताज्या नारळाची गोडी त्यात नाही, हे माझं ठाम मत.

फोडणी नको, हळद नको, गरम मसाला तर नकोच. आईला हे पटायला वेळ लागला. पहिल्यांदा तिने कोळिंजनाची चकती चावून बघितली आणि ताट बाजूला सारलं. चकत्या, दांडे, पानं चावायची नसतात, कढीपत्त्यासारखी बाजूला काढायची, हे पाहुण्यांना वाढतानाच सांगते. आता आई स्वतः मागते, भाताबरोबर. तिकडेही हे भाताबरोबरच खातात.

उरलं तर दुसऱ्या दिवशी वास आणखी मुरतो, आंबटपणा मात्र बसतो. हलकं गरम करून अर्धं लिंबू नव्याने पिळायचं.