उंब्रज ते सातारा रोजच्या प्रवासासाठी पहिली गाडी: होंडा युनिकॉर्न

रोज महामार्गावरून कामाला जाणाऱ्या माणसाने पहिली मोटारसायकल घेताना ॲव्हरेजच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. साठ-पासष्टच्या वेगात असताना इंजिनात आणखी किती दम शिल्लक राहतो ही पहिली, आणि ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबावा लागला तर चाक जागच्या जागी अडकते की फिरत राहते ही दुसरी. उंब्रजहून साताऱ्याच्या एमआयडीसीत जाण्या-येण्यासाठी मी होंडा युनिकॉर्न वापरतो, आणि बेताच्या बजेटमध्ये या दोन्ही कसोट्यांना उतरणारी गाडी म्हणून मी तिची शिफारस करतो. आमच्या भागातील अनेक मुले नोकरी लागताच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून गाडी बुक करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रस्त्याविषयी सांगायला हवे, कारण गाडीची निवड त्यावरच ठरते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर साताऱ्याजवळचे शेंद्रे ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम निघाल्यापासून डायव्हर्जन, बारीक खडी आणि अचानक अरुंद होणारा रस्ता यांची सवय करून घ्यावी लागली आहे. त्यातच कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर शेंद्र्याच्या अजिंक्यतारा कारखान्याकडे निघतात. भरलेला ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगाने चाललेला असतो, मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसते आणि बाजूला सुटलेली उसाची कांडी रस्त्यावर पडून राहतात. गोल कांडे पुढच्या चाकाखाली आले की ते घसरत नाही, लोळते, आणि त्याच्याबरोबर चाकही बाजूला सरकते. अशा वेळी ब्रेक न लावता हँडल सरळ धरणे एवढेच हातात असते. ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या मोटारसायकलवाल्याला तिसाच्या वेगावरून साठपर्यंत लवकर पोहोचून पुढे निघावे लागते, कारण मागून येणारी एसटी किंवा कंटेनर त्याच्यासाठी थांबून राहत नाही.

या एका हालचालीत शंभर सीसीची गाडी कमी पडते. हीरो स्प्लेंडर प्लस ही गावात, शेतावर आणि बाजारात चालवण्यासाठी उत्तम गाडी आहे आणि माझ्या मनात तिच्याविषयी आदरच आहे, परंतु ९७.२ सीसीच्या त्या इंजिनाची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती आहे, टॉर्क, म्हणजे चाकाला फिरवणारा जोर, ८.०५ न्यूटन मीटर आहे आणि गिअर चारच आहेत. युनिकॉर्नचे इंजिन १६२.७ सीसीचे, टॉर्क साडेचौदा न्यूटन मीटरच्या घरात आणि गिअर पाच. म्हणजे वजन चौथा हिस्सा अधिक असले तरी ओढण्याची ताकद पाऊणपटीहून जास्त वाढते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, चाळीसच्या वेगात दोन्ही गाड्यांमध्ये फारसा फरक जाणवत नसला तरी सत्तरच्या वेगात, समोरून आषाढातला वारा आणि मागे बसलेला सहकारी असताना, लहान इंजिन पिळून काढावे लागते, तर युनिकॉर्न गिअर न बदलता हलकेच पुढे जाते. पासष्ट ते पंचाहत्तर हा तिचा खरा पट्टा आहे. त्यापुढे ती जाते, पण रोज तसे चालवायची तिची प्रकृती नाही, आणि नव्याने गाडी शिकलेल्याने तसे चालवूही नये.

ब्रेकच्या बाबतीत कायद्यानेच एक रेघ ओढलेली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) सक्तीचे झाले, तर त्याखालच्या गाड्यांना सीबीएस (कम्बाइन्ड ब्रेकिंग सिस्टिम) पुरेसे मानले गेले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा जोर पुढच्या चाकालाही मिळतो, पण चाक अडकण्यापासून ते वाचवत नाही. एबीएस मात्र चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते व पुन्हा लावते, त्यामुळे गाडीची दिशा चालवणाऱ्याच्या हातात राहते. पहिल्या पावसात डांबरावरचे तेल आणि मातीचा थर एकत्र होतो तेव्हा या फरकाचे मोल कळते. युनिकॉर्नला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे आणि मागे साधा ड्रम ब्रेक आहे. म्हणून घाबरून पायाचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक घसरू शकते, हे नवशिक्याने आधीपासून ध्यानात ठेवावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अठरा इंची चाके आणि मागचा मोनोशॉक (एकच मोठा शॉक ॲब्सॉर्बर) यांमुळे डायव्हर्जनवरचे खड्डे कंबरेपर्यंत पोहोचत नाहीत. तेरा लिटरची टाकी आठवडाभराला पुरते. २०२४ च्या अखेरीस आलेल्या सुधारित मॉडेलमध्ये एलईडी हेडलाइट मिळतो आणि दुसऱ्या पाळीहून रात्री परतणाऱ्याला तो निश्चित हवा. दिसायला ही गाडी जुन्या वळणाची आहे आणि तरुण मुले तिला काकांची गाडी म्हणतात. रोजच्या वापरात हा दोष मी मानत नाही.

आता खर्चाचे पाहू. जाऊन-येऊन ७० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १,७५० किलोमीटर होतात. शंभर सीसीच्या गाडीने लिटरला ६५ आणि युनिकॉर्नने ५० दिले असे समजले, तर महिन्याला आठ लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला १०५ रुपये धरल्यास हा फरक साडेआठशे रुपयांचा होतो. किमतीत सुमारे ३५ ते ४० हजारांचे अंतर राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे हा बोजा थोडा हलका झाला आहे. ज्याला एवढे जमत नाही त्याने शंभर सीसीवर न उतरता १२५ सीसीवर थांबावे. होंडा शाइन किंवा टीव्हीएस रेडर पाच गिअरच्या आहेत, आणि हीरो एक्स्ट्रीम १२५आर एबीएससह मिळते, म्हणून कमी बजेटमध्ये मी तिलाच पहिली पसंती देईन.

जुनी युनिकॉर्न घेण्याचा मार्गही वाईट नाही, मात्र एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-५० (कराड) पासिंगची, पहिल्या मालकाकडची गाडी बघावी. आरसीवरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून पाहावा, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि विम्याची मुदत तपासावी, आणि सपाट जागी हँडल सोडून सावकाश चालवल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. ओढत असेल तर तिचा पुढचा भाग कधीतरी कशाला तरी धडकलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी गाडी महामार्गासाठी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

नवी घेताना कोटेशन ओळीने वाचावे. माझ्या एका सहकाऱ्याला एका शोरूमने हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग आणि ॲक्सेसरीजचा संच न विचारताच जोडून दिला होता. त्याने हरकत घेताच तो कागदावरून निघाला. विमा शोरूममधूनच काढावा असेही बंधन नाही, फक्त नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा अनिवार्य आहे. असे वाचलेले पैसे आयएसआय चिन्हाच्या, पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटसाठी ठेवावेत. आणि टेस्ट राइड साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत उरकू नये. बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून महामार्गाला लागून शेंद्रे फाट्यापर्यंत जाऊन येण्याचा आग्रह धरावा आणि वाटेत चौथ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठपर्यंत गाडी कशी उचलते ते स्वतः अनुभवावे. शोरूम त्यासाठी तयार नसेल तर दुसऱ्या शोरूममध्ये जावे.