क्रॉफर्ड मार्केटातली खेळणी: गाणारा फोन की लाकडी खुळखुळा?
सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी म्हटलं की दुकानदार आधी दिवे लागणारा, गाणारा फोनच पुढे करतो. तो उलटा करून पाहा. सेलचं झाकण स्क्रूशिवाय नुसत्या नखाने उघडत असेल तर तिथेच ठेवा. बटण सेल घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. आवाज कमी करायची सोय बहुधा नसतेच, आणि मुंबईच्या दमट हवेत सेलच्या पट्ट्या गंजतात. आयएसआय चिन्ह मागाच, १ जानेवारी २०२१पासून ते सक्तीचं आहे. लाकडी खुळखुळा ओल्या फडक्याने घासा; रंग लागला तर नको. सावंतवाडीची लाकडी फळं शोभेलाच बरी. पैसे वसूल होतात ते एकात एक बसणाऱ्या वाट्यांत: रचा, पाडा, आंघोळीत पाणी ओता.