स्लमडॉग मिलियनेअर परत बघितला: पिक्चर जबरदस्त, पोरांचा हिशोब मात्र कच्चा

परवा झोप येईना म्हणून स्लमडॉग मिलियनेअर परत लावला. २००८ चा पिक्चर आहे पण अजूनही कुठे ढिला पडत नाही, रहमानचं म्युझिक तर काय बोलायलाच नको. यावेळी मात्र मी स्टोरी सोडून त्या बारक्या पोरांकडेच बघत बसले. झोपडपट्टीतल्या छोट्या जमालने, म्हणजे हिरोने, घाणीत उडी मारून मिळवलेली बच्चनची सही त्याचा मोठा भाऊ सलीम विकून मोकळा होतो, आणि चेहऱ्यावर जराही लाज नाही! आणि अनाथ छोटी लतिका पावसात नुसती उभी असते, ही दोघं आत बोलावतील का याची वाट बघत, तो सीन तर संपता संपत नाही डोक्यातून.

यावर लोक म्हणतात, झोपडपट्टीतलीच पोरं ती, नॅचरल आहेत. इथेच माझं डोकं फिरतं. नॅचरल म्हटलं की ती ॲक्टिंग राहत नाही, आणि ॲक्टिंग नाही तर पैसे कशाचे, मग जे काय देतील ती 'मदत'!

छोटा सलीम आणि छोटी लतिका झालेली दोघंही बांद्रा ईस्टच्या गरीब नगरमधली. फेब्रुवारी २००९ ला पिक्चरला ८ ऑस्कर, पोरं लॉस एंजेलिसला जाऊन आली ती परत त्याच गल्लीत, आणि मे महिन्यात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, दोघांच्याही झोपड्या पाडल्या. आता पिक्चरवाल्यांनी काहीच केलं नाही असंही नाही हां, जय हो नावाचा ट्रस्ट काढला, शाळा, घर, आणि शिक्षण पूर्ण केलं तर १८ व्या वर्षी रक्कम. एकदम पैसा घरात आला तर पोरांच्या हातात काय उरणार ही भीती मला पण पटते. पण दीड कोटी डॉलरच्या पिक्चरने जगभरात ३७ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, मग त्यातला ठराविक टक्का आधीच काँट्रॅक्टमध्ये लिहायला काय हरकत होती? बोंबाबोंब झाल्यावर देण्यापेक्षा बरं ना.

हे काय पहिल्यांदा झालं का, तर नाही. रस्त्यावरच्या पोरांवरच्या सलाम बॉम्बे (१९८८) या पिक्चरमधून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, तशा कितीतरी पोरांना आधार मिळाला, पण त्या पिक्चरमधला मेन मुलगा नॅशनल अवॉर्ड घेऊन पुढे बेंगळुरूत रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, पण अवॉर्ड मिळालेल्या मोठ्या हिरोवर ही वेळ येते का सांगा.

२०१७ पासून नियम आहेत, बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर एफडीत. चांगलंच आहे, पण मानधनच चिल्लर असेल तर त्याचे २० टक्के किती होणार?

पिक्चरला ४ स्टार, हिशोबाला २. बघा नक्की, आणि पावसाच्या सीनला मोबाईल खाली ठेवा.