कळलावी की रानहळद? कुंडी एकच असेल तर

दोन्ही सह्याद्रीतल्या, दोन्ही बहुवर्षायू. पावसाबरोबर कंदातून उगवतात आणि दिवाळीच्या आसपास जमिनीवरून नाहीशा होतात. तरी घरात लहान मूल, कुत्रा-मांजर किंवा दारात गुरं असतील तर कळलावीचा विचार सोडून द्या. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात तर भरपूर. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून खाल्ला गेल्याने माणसं दगावली आहेत. आल्या-रताळ्यांच्या वाफ्याजवळ ती कधीच नको आणि कंद हाताळताना हातमोजे हवेतच.

ही अडचण नसेल, तर मग ऊन बघा. कळलावीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत वेल नुसती लांबत जाते. रानहळदीला सकाळचं कोवळं ऊन पुरतं, भर दुपारच्या उन्हात तिच्या पानांच्या कडा करपतात. पूर्वेच्या बाल्कनीत तीच लावावी.

माती दोघींना सारखी चालते: दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. लागवड मेच्या उत्तरार्धात. रानहळदीचा गड्डा डोळा वर ठेवून चार-पाच सेंटिमीटर खोल पुरायचा. कुंडी बारा इंची, पसरट. कळलावीचा दुबेळक्यासारखा कंद पाच-सात सेंटिमीटर खोल, आडवा. त्याचे डोळे टोकांनाच असतात. टोक मोडलं की त्या बाजूने कोंब येत नाही, म्हणून विकत घेताना टोकं तपासूनच घ्या.

कळलावीला आधार बारीकच द्यावा. तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून मिळेल त्याला विळखा घालतं, पण जाड बांबूभोवती ते पोचत नाही. सुतळी, तारेची जाळी किंवा कारवीची बारीक काठी बरी. कोवळा शेंडा मोडला तर त्या वर्षीचा बहर बहुधा गेलाच, म्हणून आधार कोंब दिसायच्या आधी रोवा. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या की लगेच वेचा. या लिली-पतंगाच्या अळ्या पाहता पाहता वेल बोडकी करतात.

रानहळदीचा खरा शत्रू साचलेलं पाणी. पानं खालून पिवळी पडली आणि बुंधा ओढताच हातात आला, तर गड्डा सडला आहे. कुंडीची भोकं मोकळी ठेवा, खाली ताटली ठेवू नका.

फुलांत मात्र कळलावीला तोड नाही. हिरवट-पिवळी उमललेली पाकळी दिवसागणिक केशरी आणि मग लालभडक होते, त्यामुळे एकाच वेलीवर सगळ्या छटा एकदम दिसतात. रानहळदीची पिवळी फुलं अल्पजीवी, पण फुलांच्या कणसाच्या माथ्यावरची गुलाबी छदं (पाकळ्यांसारखी दिसणारी रंगीत पानं) बरेच दिवस टिकतात.

कंद रोपवाटिकेतूनच घ्या, कासच्या सड्यावरून किंवा रानातून उपटून आणू नका. बियांपासून कळलावी फुलायला तीन-चार वर्षं लागतात. पानं वाळली की पाणी पूर्ण बंद करा, कुंडीवर नावाची चिठ्ठी लावा आणि ती कोरड्या जागी मेपर्यंत तशीच राहू द्या. रोप मरतंय असं समजून हिवाळ्यात पाणी घालत राहिल्यानेच बहुतेक कंद सडतात.