‘पोर्ट करून देतो’ म्हणाला आणि वडिलांची पंधरा वर्षांची पॉलिसी बुडवली

वडिलांची आरोग्य विम्याची पॉलिसी २००९ पासून चालू होती. पाच लाखांची. मध्ये एकदाही खंड नाही आणि क्लेम घेतला तो फक्त मोतीबिंदूचा. पासष्टीनंतर हप्ता भराभर वाढत गेला आणि २०२४ साली नूतनीकरणाची नोटीस आली ती १८ टक्के जीएसटी धरून ५२ हजारांची. वडील निवृत्त शिक्षक, घर पेन्शनवर चालतं. घरात या आकड्याची काळजी सुरू असतानाच तालुक्यातला ओळखीचा एक एजंट आला.

‘काका, एवढे पैसे कशाला घालवता? दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देतो. जुनी सगळी वर्षं जशीच्या तशी पुढे येतात. हप्ता ३१ हजार.’

पोर्टची सोय खरी आहे, म्हणूनच ही थाप पचते. नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा असतो आणि जुन्या विमा रकमेपुरती वेटिंग पिरियडची (जुन्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ) वर्षं नव्या कंपनीत मोजली जातात. मात्र नवी कंपनी आधी आजारांची माहिती तपासते आणि नकारही देऊ शकते. ६७ वर्षांचा माणूस, मधुमेह, रक्तदाब. नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि नकार आला की एजंटचं कमिशन गेलं. जुनी पॉलिसी दुसऱ्या एजंटची, तिच्या नूतनीकरणावर याला एक पैसा मिळणार नव्हता. म्हणून त्याने पोर्टचा अर्ज केलाच नाही. वडिलांना धडधाकट दाखवून सरळ नवी कोरी पॉलिसी काढली. इकडे जुनीचा हप्ता भरला गेला नाही, ग्रेस पिरियडही (तारखेनंतर हप्ता भरायला मिळणारे वाढीव दिवस) संपला आणि ती कायमची बंद पडली.

हे सगळं आम्हाला कळलं ते पुढच्या वर्षी, मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात. छातीत दुखू लागलं म्हणून वडिलांना नेलं, तातडीने अँजिओप्लास्टी झाली. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरावं असा, अर्ज नामंजूर. केस पेपरवर डॉक्टरांनी ‘मधुमेह १२ वर्षांपासून’ असं लिहिलं होतं आणि कंपनीच्या कागदावर वडिलांना कुठलाच आजार नव्हता. बिल झालं २ लाख ८० हजार. स्टेंटच्या किमती सरकारने २०१७ पासून बांधून दिल्या आहेत, पण कॅथलॅब, आयसीयू, खोली, हातमोज्यांपासून सगळं लागणारं सामान, हे कुणी बांधून दिलेलं नाही. आईच्या पाटल्या मोडल्या. पुढे कंपनीचं पत्र आलं: आजार लपवल्यामुळे क्लेम नाकारला आहे, पॉलिसीही रद्द केली आहे.

एजंटने घरी आणून दिली होती ती फक्त कार्डं आणि वरची दोन-चार पानं. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करून मागवली. मधुमेह, रक्तदाब, चालू औषधं, प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’. ईमेल वडिलांच्या नावाने नवीन काढलेला, जो वडिलांनी कधी पाहिलेलाही नव्हता. आणि मोबाइल नंबर? एजंटचा स्वतःचा. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे गेला, कंपनीचा खातरजमेचा फोनही त्याच्याकडेच गेला. त्या फोनचं रेकॉर्डिंग मिळवलं. ‘हो, मीच बोलतोय. नाही, कसलाही आजार नाही.’ जेमतेम तिशीतल्या माणसाचा आवाज. आई ऐकून म्हणाली, ‘हे तुझे बाबा नव्हेतच.’ एका माणसाच्या नावाने दुसराच बोलतो, वयाचा मेळ लागत नाही, आणि कंपनी त्यावर पॉलिसी देऊन हप्ता जमा करून घेते. मला एजंटइतकाच संताप या गोष्टीचा येतो.

गेलं काय, ते नीट समजून घ्या. सलग पाच वर्षं चाललेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाचवर आली. वडिलांची पंधरा झाली होती. नव्या पॉलिसीत खरी माहिती दिली असती तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या पॉलिसीची खरी किंमत तिच्या वयात असते. वीस हजार वाचवून देतो म्हणणारा नेमकं तेच वय चोरून नेतो.

आता आमची तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. फॉर्मवरचा मोबाइल नंबर आणि ते रेकॉर्डिंग हेच आमचे मुख्य पुरावे आहेत. पोलिसांतही अर्ज दिलाय.

आणखी एक, कारण त्या रात्री आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते, फक्त रुग्णालय योजनेतलं हवं. तिथे योजनेचा मदतनीस, ‘आरोग्यमित्र’, बसलेला असतो, त्याला गाठा.

तो एजंट अजून तालुक्यात फिरतोय, आता दुसऱ्याच कंपनीची बॅग घेऊन. तुमच्या आईवडिलांची पॉलिसी कुणी ‘पोर्ट’ करून दिली असेल तर आजच काढून बघा. पहिल्या पानावर पॉलिसी मुळात कधी सुरू झाली ती तारीख असते. तिथे जुनं वर्ष हवं. आमच्या कागदावर २०२४ होतं. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का पाहा, प्रपोजल फॉर्मची प्रत मागा आणि आजारांची उत्तरं स्वतः वाचा. चूक सापडली आणि पॉलिसी हातात पडून ३० दिवस झाले नसतील, तर ती परत करून हप्त्याचे पैसे मागता येतात. थोडीफार वजावट होते. आणि जुन्या पॉलिसीचा ग्रेस पिरियड शिल्लक असेल, तर एजंटला फोन करत बसू नका, आधी तिचा हप्ता भरून टाका.